एकोणीस सेकंदांचा पंचनामा

शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप खाली ठेवत बायको म्हणाली, "अहो, माझे एकोणीस सेकंद कुठे गेले ते शोधून द्या," आणि सेकंदसाहेब दचकले.

खरं तर त्यांना आनंद व्हायला हवा होता. लग्नाला चोवीस वर्षं झाली, पण बायकोने त्यांच्या कामातलं काही त्यांना कधी विचारलं नव्हतं. कुलुपांच्या कारखान्यात ते वेळमापन विभागाचे प्रमुख होते. विभागात माणसं दोन, त्यांतले एक ते स्वतः. कामगाराच्या मागे जाऊन उभं राहायचं, हातातलं स्टॉपवॉच दाबायचं, स्प्रिंग बसवायला किती वेळ लागला, स्क्रू उचलताना हात उगाच किती लांब गेला हे लिहून काढायचं आणि शेवटच्या रकान्यात सुधारणा सुचवायची, हे त्यांचं काम. ते मागे येऊन उभे राहिले की चांगल्या चांगल्या कारागिरांच्या हातून स्क्रू सांडायचे. त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपटाला ठाऊक होतं, बाकी सगळा कारखाना त्यांना सेकंदसाहेब म्हणायचा आणि हे नाव कौतुकाने पडलंय अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

अडचण एवढीच की सेकंदसाहेब मूळचे घाबरट. हा शब्द त्यांना मान्य नव्हता. आपण दूरचं बघतो असं ते म्हणायचे, आणि दूर त्यांना नेहमी काहीतरी वाईटच दिसायचं. घरातून निघताना गॅस बंद आहे का ते तीनदा बघायचे आणि चौथ्यांदा बघायला अर्ध्या जिन्यातून परत यायचे. लिफ्टमध्ये शिरण्याआधी आतल्या माणसांच्या पोटांवर नजर फिरवून वजनाची तोंडी बेरीज करायचे, आणि बेरीज पटली नाही तर "विसरलो काहीतरी" असं पुटपुटत जिन्याकडे वळायचे. अशा माणसाच्या बायकोने वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी असल्या शर्यतीत उतरावं, याला काय म्हणावं?

शर्यतही साधीसुधी नव्हे. आधी एक किलोमीटर पळायचं, मग एक मेहनतीचं काम करायचं, की पुन्हा किलोमीटरभर पळायचं, असं आठ वेळा. कामं म्हणजे वजनं लादलेली घसरगाडी ढकलायची, तीच मग दोराने ओढायची, यंत्रावर बसून वल्ही मारायची, वाळूची पिशवी खांद्यावर घेऊन एकेक गुडघा टेकत चालायचं आणि सगळ्यात शेवटी, जीव नाकाशी आलेला असताना, जड चेंडू भिंतीवर शंभर वेळा फेकायचा. हे सगळं माणसं हौसेने करतात, वर प्रमाणपत्र घेतात. सेकंदसाहेबांनी प्रवेशाच्या अर्जावरची "अपघात झाल्यास आयोजक जबाबदार नाहीत" ही ओळ वाचली तेव्हापासून त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं.

बायको टेलिफोन कंपनीच्या तक्रार कक्षात होती. दिवसभर खुर्चीत बसून लोकांची बोलणी खाता खाता तिची पाठ धरली, म्हणून डॉक्टरांनी व्यायाम सांगितला. लोकांची पाठ सुटली की व्यायामही सुटतो. हिची पाठ सुटली आणि व्यायामाने हिला धरलं. दोन वर्षं पहाटे पाचला उठून ती तयारी करत होती. तिच्या वयोगटातल्या पहिल्या तिघी अंतिम स्पर्धेला जाणार होत्या आणि ती चौथी आली होती. तिसरीत आणि तिच्यात अंतर होतं एकोणीस सेकंदांचं. सहा आठवड्यांनी पात्रतेची आणखी एक शर्यत होती, या वर्षातली शेवटची. तोवर ते एकोणीस सेकंद सापडले तर ठीक, नाही तर दोन वर्षं पाण्यात. "कारखान्यात दुसऱ्यांचे शोधता ना," ती म्हणाली, "आता घरचे शोधा."

सेकंदसाहेबांनी कोरी वही काढली आणि पट्टीने रकाने आखले. त्यांच्यापाशी सामग्री तीन प्रकारची होती. एक, आयोजकांनी पाठवलेल्या अधिकृत वेळा. स्पर्धकाच्या घोट्याला एक पट्टा बांधतात, त्यामुळे प्रत्येक किलोमीटर आणि प्रत्येक काम किती मिनिटांत झालं ते कळतं. दोन, त्यांनी स्वतः प्रेक्षकांच्या सज्जातून मोबाइलवर केलेलं चित्रीकरण. हाताला काही काम असलं की घाबरायला फुरसत मिळत नाही म्हणून बायकोनेच ते त्यांच्या गळ्यात मारलं होतं. आणि तीन, बायकोचं मनगटी घड्याळ, ज्यात हृदयाचे ठोके मिनिटामिनिटाला नोंदले जातात. शर्यतीच्या दिवसाचं सेकंदसाहेबांना स्वतःला फारसं काही आठवत नव्हतं. आपण सज्जात बसलो होतो आणि बाक हलत होतं, एवढंच आठवत होतं.

पहिले तीन दिवस काम झकास चाललं. एक किलोमीटर म्हणजे सभागृहाच्या दोन फेऱ्या, म्हणजे एकूण सोळा फेऱ्या. निम्मी फेरी सज्जासमोरून होती. उरलेली निम्मी मागच्या दाराने बाहेर पडून इमारतीच्या पाठीमागून होती आणि तेवढा वेळ स्पर्धक दिसत नसे. समोरच्या भागाचे त्यांनी खांबांवरून तुकडे पाडले आणि चित्रण पुन्हा पुन्हा थांबवून वेळा टिपल्या. सापडलंही काहीतरी. तिसऱ्या आणि चौथ्या खांबाच्या मध्ये बायको प्रत्येक फेरीला जराशी मंदावत होती. सेकंदसाहेबांनी नोंद केली, "मान वर करते. अनावश्यक हालचाल. कारण अज्ञात." सोळा वेळा तसंच आढळल्यावर त्यांनी सोळा वेळा तीच नोंद केली, आणि बेरीज करायच्या आधी हाताशी होतं म्हणून घड्याळ उघडलं. तिथे सगळं बिनसलं.

बायको शंभर किलोच्या वर वजन ढकलत होती तेव्हा घड्याळात ठोके होते शहाण्णव. वल्ही मारताना ब्याण्णव. आणि मागच्या दाराने बाहेर पडून ती नुसती पळत होती तेव्हा एकशे अठ्ठेचाळीस. पुन्हा सभागृहात आली की शंभरच्या आत. पुन्हा बाहेर, पुन्हा एकशे पन्नास. सोळाच्या सोळा वेळा हेच. मेहनत वाढली की हृदय स्वस्थ आणि मेहनत कमी झाली की धडधड. सेकंदसाहेबांनी आकडे तीनदा पडताळले आणि चौथ्यांदा पडताळायला घेतले.

त्याच घड्याळात पावलांची नोंदही होती, चारशे बारा. आता आठ किलोमीटर पळालेल्या बाईची चारशे बारा पावलं कशी होतील? पण सेकंदसाहेब मुरलेले मोजणारे होते. शंभर नोंदींत एक वेडीवाकडी निघाली की ती वगळून पुढे जायचं, ही त्यांच्या विभागाची एकवीस वर्षांची रीत. त्यांनी चारशे बाराला लाल रेघ मारली, शेजारी "विसंगत, वगळली" असं सुवाच्य अक्षरात लिहिलं, आणि उरलेल्या आकड्यांवर पूर्ण विश्वास ठेवून घाबरायला मोकळे झाले.

बायकोला हे सांगायचं कसं? सांगावं तर ती घाबरेल, आणि अशा हृदयाला घाबरणं म्हणजे संपलंच. म्हणून ते वही बनियनखाली लपवून तळमजल्यावर केमिस्टकाकांकडे गेले. केमिस्टकाकांनी चाळीस वर्षं औषधांचं दुकान चालवलं होतं. दुकान मुलाला दिल्यापासून त्यांच्यापाशी औषधं नव्हती, पण निदानं भरपूर शिल्लक होती. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, वही डोळ्यांपासून हातभर लांब धरली आणि बराच वेळ "हं" एवढंच म्हणत राहिले. मग वही मिटून खाली ठेवली आणि सांगितलं, की हृदय उलटं चालतंय.

असं असतं का, हे विचारायचा धीर सेकंदसाहेबांना झाला नाही. काकांनी आपण होऊन सांगितलं, की फार थोड्यांना असतं आणि असतं त्यांना कळत नाही. विश्रांती घेतली की ठोके वाढतात, त्यामुळे रुग्णाला एकदम झोपवायचंही नाही आणि एकदम उठवायचंही नाही. मग करायचं काय? तर हळूहळू. डॉक्टरकडे न्यावं का, यावर काका म्हणाले की न्यायला हरकत नाही, पण डॉक्टरचं नाव काढताच माणूस हबकतो, तेव्हा आधी कागद जमवावेत. कागद जमवणं हा शब्द सेकंदसाहेबांच्या ओळखीचा होता, म्हणून त्या भीतीतही त्यांना तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

त्यांनी दुसरी चूक केली ती म्हणजे मेहुणीला, बायकोच्या थोरल्या ताईला, विश्वासात घेतलं. शपथ घातली होती. ताईंनी शपथ तंतोतंत पाळली, म्हणजे काय झालंय ते बहिणीला अजिबात सांगितलं नाही. फक्त दिवसातून तीनदा फोन करून "बरी आहेस ना गं?" असं रडवेल्या आवाजात विचारायला सुरुवात केली. आईच्या मागे तूच एक उरलीयेस मला, असंही एकदा म्हणून गेल्या. बायकोला वाटलं ताईचंच काहीतरी बिनसलंय, म्हणून ती उलट त्यांची काळजी करू लागली.

घरात सेकंदसाहेबांनी पहारा सुरू केला. बायकोच्या हातातली बादली ते हिसकावून घ्यायचे. ती जिना चढू लागली की दोन पायऱ्या मागे राहून दोन्ही हात पसरून चढायचे, पडली तर झेलायला. रविवारी दुपारी ती जरा आडवी झाली, तर हे तिच्या नाकापाशी हात नेऊन श्वास चालू आहे का ते बघत बसले. तिने एक डोळा उघडून विचारलं की काय चाललंय. माशी बसली होती, हे म्हणाले. माशी घालवायला माणूस अर्धा तास हात धरून बसत नाही हे तिलाही कळत होतं, पण नवऱ्याच्या स्वभावाची चोवीस वर्षांची सवय असल्यामुळे ती कूस बदलून झोपली.

तरी मनात एक आशा होती. मागच्या भागात जमिनीला चढ असेल तर? चढ असला तर ठोके वाढणारच आणि मग सगळा प्रश्नच मिटतो. कारखान्यातून अर्धी रजा टाकून सेकंदसाहेब मोजपट्टी आणि पाणसळ घेऊन त्या सभागृहात गेले. तिथे आता न्हाणीघराच्या सामानाचं प्रदर्शन लागलं होतं. टबांच्या आणि नळांच्या रांगांमधून वाट काढत ते मागच्या दारापर्यंत पोचले आणि बाहेर जमिनीवर पालथे पडून पाणसळीतला बुडबुडा बघू लागले. रखवालदाराने त्यांना त्या अवस्थेत पकडलं. काय करताय, असं त्याने विचारलं. सेकंदसाहेब उठून कपडे झटकत म्हणाले, की मी माझ्या बायकोचं हृदय तपासतोय. रखवालदार हा समजूतदार माणूस होता. त्याने त्यांना हाताला धरून आत आणलं, एका कोऱ्या टबाच्या काठावर बसवलं, पाणी दिलं आणि घरचा नंबर विचारला. कारखान्यातले तीस कामगार ज्यांच्या नुसत्या सावलीने दचकतात त्या माणसाला, विक्रीच्या टबावर बसवून एक परका गृहस्थ "होईल सगळं नीट" म्हणून पाठीवर थोपटत होता. हा अपमान ते कधीही विसरले नाहीत. पण त्याहून वाईट गोष्ट अशी होती की बुडबुडा बरोबर मध्यभागी थांबला होता आणि जमीन सपाट होती.

आता उरली होती एकच गोष्ट, मागच्या भागातलं आयोजकांच्या कॅमेऱ्याचं चित्रण. तिथे ती धापा टाकते का, छातीला हात लावते का, हे बघायला हवं होतं. त्यांनी आयोजकांच्या कार्यालयात फोन केला. पहिल्या बाईंनी सांगितलं की चित्रण फक्त स्पर्धकाला मिळतं. दुसऱ्या बाईंनी सांगितलं की स्पर्धकालाही मिळत नाही. तिसऱ्या वेळी एका गृहस्थांनी संकेतस्थळावरचा अर्ज भरायला सांगितलं. अर्जात कारणांचे चौकोन होते. वेळेबद्दल हरकत, दंडाबद्दल हरकत, हरवलेली वस्तू, वैद्यकीय आणि इतर. वैद्यकीय सोडून सगळ्यांपुढे "उत्तरास एकवीस दिवस लागतील" असं लिहिलं होतं. वैद्यकीयपुढे "तातडीने". ज्याला तातडी आहे असा माणूस कुठल्या चौकोनात खूण करेल? सेकंदसाहेबांनी वैद्यकीयवर खूण केली, बायकोचा स्पर्धक क्रमांक घातला, ठोक्यांचा तक्ता जोडला आणि खाली एक ओळ लिहिली, "हृदय उलटे चालत असल्याचा संशय." जाणकाराचं मत म्हणून केमिस्टकाकांचाही हवाला दिला.

उत्तर खरोखरच तातडीने आलं, पण स्पर्धकाच्या पत्त्यावर. संध्याकाळी सेकंदसाहेब कामावरून आले तेव्हा बायको जेवणाच्या टेबलापाशी ताठ बसली होती आणि तिच्या समोर मोबाइल उताणा पडला होता. आपल्या आरोग्याविषयी प्राप्त झालेल्या गंभीर माहितीच्या आधारे पुढील शर्यतीतील आपला प्रवेश स्थगित करण्यात येत आहे, असा मजकूर तिने सावकाश, एकही शब्द न गाळता वाचून दाखवला. तक्रार कक्षात सतरा वर्षं काढल्यामुळे तिला आवाज न चढवता माणसाला घाम फोडता यायचा.

"हे कोणी कळवलं?"

सेकंदसाहेबांनी वही आणली. उलटं हृदय, केमिस्टकाका, ताई, पाणसळ, सगळं एका दमात सांगून टाकलं. सांगता सांगता त्यांचा आवाज फाटला, कारण इतके दिवस एकट्याने भ्यायलेलं सगळं एकदमच बाहेर येत होतं. तू पुन्हा पळू नकोस, असंही ते म्हणाले. बायको पानं उलटत होती. लाल रेघेपाशी तिचं बोट थांबलं.

"चारशे बारा पावलं?"

"ते वगळलंय मी. चुकीचं आहे ते."

"घड्याळ कोणाच्या हातात होतं?"

"तुझ्या."

"दोराला अडकतं म्हणून सुरुवातीच्या रांगेत मी ते काढून तुमच्या मनगटावर बांधलं. तुम्ही बरं म्हणालात. चारशे बारा पावलं बरोबर आहेत. बाथरूमला जाऊन आलात तुम्ही, मीच दोनदा जाताना बघितलं."

सेकंदसाहेबांना आठवेना. बाक हलत होतं हे आठवत होतं, आणि आता कळत होतं की बाक हलत नव्हतं. क्षणभर त्यांना इतकं हलकं वाटलं की बायकोचा हात धरावासा वाटला, कारण ती ठणठणीत होती. मग दुसरा विचार आला आणि ते होते तिथेच खुर्चीत खचले. ते उलटं हृदय त्यांचं होतं. एकदम झोपायचंही नाही आणि एकदम उठायचंही नाही. ते खुर्चीत अर्धवट तिरके झाले आणि तसेच राहिले.

एरवी बायको हसली असती. आज हसली नाही. "दोन वर्षं पहाटे उठले मी," ती म्हणाली, "आणि तुम्ही एका खुणेत संपवलंत. मला विचारावंसंही वाटलं नाही तुम्हाला." एवढं बोलून ती उठून आत गेली. पुढचे दोन दिवस घरात मीठ कुठे आहे आणि दाराला कडी लावा, एवढंच बोलणं झालं. सेकंदसाहेबांना हृदयाची भीती होतीच, पण त्या दोन दिवसांत त्यांना कळलं की हिने बोलणं टाकलं तर त्याहून जास्त भीती वाटते. ताईंचा फोन आला की त्या आता त्यांनाच "बरे आहात ना?" असं त्याच रडवेल्या आवाजात विचारत.

प्रवेश परत मिळवायला हृदयाच्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र हवं होतं, म्हणून तिसऱ्या दिवशी दोघं गेली. डॉक्टरीणबाई तिशीतल्या, घाईत असलेल्या आणि स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. बायकोची तपासणी दहा मिनिटांत उरकली. पस्तिशीतल्या बाईचं हृदय आहे, असं म्हणून त्यांनी सही ठोकली. सेकंदसाहेबांना मात्र त्यांनी तारा लावल्या, सरकत्या पट्ट्यावर चालवलं, आडवं करून पडद्यावर हृदय दाखवलं. सेकंदसाहेबांनी डोळे गच्च मिटून घेतल्यामुळे ते त्यांनी काही बघितलं नाही. शेवटी डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे सरकवला. हृदयात काहीही दोष नव्हता. आता तरी सेकंदसाहेबांना आनंद व्हायला हवा होता, पण त्यांचं तोंड पडलं. पंधरा दिवस ज्या दुखण्याने घर हादरवलं त्याला काहीतरी भारदस्त नाव असेल अशी त्यांची अपेक्षा होती.

"मग हे काय आहे?" त्यांनी तक्त्यावर बोट ठेवलं.

"भीती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण दर वेळी एकाच जागी का वाढते? तिथे काय होतं?"

सेकंदसाहेबांनी वहीकडे बघितलं. वजन ढकलताना ती कशी वाकली होती, दोर ओढताना हात कसे थरथरत होते, ते सगळं त्यांनी बघितलं होतं आणि तेव्हा ठोके शंभरच्या आत होते. मागचं दार म्हणजे फक्त सव्वा मिनिट. दर फेरीला सव्वा मिनिट. बायको शेजारीच बसलेली असताना हे बोलायचं त्यांच्या जिवावर आलं, पण डॉक्टरांपुढे खोटं बोलायचीही त्यांना भीती वाटायची.

"तिथून ही मला दिसत नाही," ते म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी यावर काही औषध लिहून दिलं नाही. बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बायकोने त्यांच्या हातातून वही घेतली आणि पहिल्यापासून वाचू लागली. तीन दिवसांतलं तिचं हे पहिलंच आपण होऊन काही करणं होतं, म्हणून सेकंदसाहेब श्वास रोखून बसले. "मान वर करते. अनावश्यक हालचाल. कारण अज्ञात," तिने मोठ्याने वाचलं. मग पुढचं पान, मग त्याच्या पुढचं.

"याची बेरीज केलीत का?"

केली नव्हती. घड्याळाच्या भानगडीत राहून गेली होती. त्यांनी तिथेच गुडघ्यावर वही ठेवून केली. सोळा फेऱ्या, प्रत्येक फेरीला एक सेकंद आणि वर थोडं. एकूण एकोणीस सेकंद आणि दोन दशांश. कारखान्यात असा हिशेब तंतोतंत जमला की सेकंदसाहेबांना गोड खाल्ल्यासारखं वाटायचं. आत्ता वाटलं नाही, कारण बायको त्यांच्याकडे बघत होती.

"तिसऱ्या आणि चौथ्या खांबांच्या वर सज्जात कोण बसलं होतं?" तिने विचारलं. "मागच्या दाराने आत आले की मी आधी वर बघत होते. तुम्ही बसलेले आहात की आडवे झालात ते. दर वेळी तोंड पांढरंफटक. कसं सोडून पुढे पळायचं?"

एकवीस वर्षं सेकंदसाहेबांनी लोकांच्या वाया गेलेल्या सेकंदांवर लाल रेघा मारल्या होत्या, आणि त्यांच्या वाट्याला कोणाचे तरी एकोणीस सेकंद आले होते. व्हरांड्यात लोक ये-जा करत होते म्हणून ते चष्मा पुसायला लागले आणि बराच वेळ पुसत राहिले.

पण अहवाल अर्धवट ठेवणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. शेवटचा रकाना सुधारणेचा. कामगार या रकान्याला कसे शिव्या घालतात हे त्यांना पहिल्यांदाच समजत होतं. त्यांनी पेन काढलं आणि लिहिलं, "प्रेक्षक हलवावा."

बायकोने ते वाचलं, आणि तिसऱ्या दिवशी एकदाची हसली. कुठे हलवायचा ते तिनेच ठरवलं. शेवटच्या रेषेपाशी. तिथून आतलं आणि आतून तिथलं काही दिसत नाही, त्यामुळे तिला वर बघावं लागणार नाही, आणि तिला त्यांना बघायचं असेल तर शर्यत पुरी केल्याशिवाय गत्यंतर नाही. म्हणजे जवळजवळ दीड तास ती त्यांना दिसणार नव्हती. सेकंदसाहेबांनी मनातल्या मनात सव्वा मिनिटाने दीड तासाला भागून बघितलं आणि त्यांच्या कानांत दडे बसले. पण ते "बरं" म्हणाले, आणि या वेळी काय म्हटलं ते त्यांच्या लक्षात होतं.

प्रवेश परत मिळवणं हा वेगळाच द्राविडी प्राणायाम झाला. तक्रार मागे घेण्याच्या अर्जात "गैरसमज" असा चौकोन नव्हता. "इतर"मध्ये सेकंदसाहेबांना स्वतःच्या हाताने "नवऱ्याची चूक" असं लिहावं लागलं. त्यावर कार्यालयातून विचारणा झाली की ज्यांचे ठोके जोडले होते त्यांचंही प्रमाणपत्र पाठवा, म्हणून त्यांच्या भीतीचा कागद सही-शिक्क्यासह तिकडे दफ्तरी जमा झाला. केमिस्टकाकांना उलट्या हृदयाचा निकाल कळवला तेव्हा ते म्हणाले की आता उलटं नसेल, वेळीच लक्ष दिलं म्हणून सुलटं झालं. शर्यतीला तीन दिवस उरले असताना स्थगिती उठली.

शर्यतीच्या दिवशी सेकंदसाहेब शेवटच्या रेषेपलीकडच्या कठड्याला धरून उभे राहिले. समोर उंच फळ्यांची भिंत होती आणि भिंतीत एक कमान. कमानीतून अधूनमधून घामाने निथळणारी माणसं बाहेर पडत होती आणि जमिनीवर कोसळत होती. आतून नुसते आवाज येत होते. काहीतरी जड आपटलं की सेकंदसाहेब कठडा आणखी घट्ट धरायचे. शिट्टी वाजली की आपल्याच बाईला काहीतरी झालं असं वाटायचं. पन्नास मिनिटं गेली तेव्हा दोन माणसं एक स्ट्रेचर घेऊन कमानीतून बाहेर आली. अंगावर चकचकीत पांघरूण होतं आणि फक्त बूट दिसत होते, पिवळे.

सेकंदसाहेबांना बायकोच्या बुटांचा रंग आठवेना. सोळा फेऱ्यांचं चित्रण त्यांनी चाळीस वेळा थांबवून थांबवून बघितलं होतं, पाय कुठल्या खांबापाशी किती वेळ टेकला तेही लिहिलं होतं, आणि बूट कसले होते ते सांगता येईना. ते कठड्याखालून वाकून स्ट्रेचरमागे धावायला निघाले. मग थांबले. ती आतच असेल आणि कमानीतून बाहेर येऊन हे जागेवर दिसले नाहीत तर? चेहरा न दिसताच स्ट्रेचर कोपऱ्यावरून वळलं. सेकंदसाहेब परत जागेवर आले, कठडा धरला, आणि पुढची चौतीस मिनिटं तिथून एक पाऊलभरही हलले नाहीत.

मग ती आली. केस कपाळाला चिकटलेले, गुडघे सोललेले, तोंड लाल. बूट निळे होते. रेषा ओलांडून ती इतरांसारखी कोसळली नाही, सरळ कठड्यापाशी आली. ती तिसरी आली होती आणि अंतिम स्पर्धेला जाणार होती, हे फलकावर झळकत होतं, पण दोघांनीही तिकडे बघितलं नव्हतं.

"ठीक आहात ना?" तिने धापा टाकत विचारलं.

"नाही," सेकंदसाहेब म्हणाले, आणि शर्यत आता संपली आहे याची खात्री करून घेऊन तिच्या अंगावर आडवे झाले.

आयोजकांच्या छायाचित्रकाराने फोटो काढला तो त्यानंतर अर्ध्या तासाने, पदकं वाटून झाल्यावर. आता तो दिवाणखान्यात लावलेला आहे. त्यात बायको ताठ उभी आहे, ताजीतवानी, गळ्यात पदक, आणि तिच्या शेजारी चाकांच्या खुर्चीत चकचकीत पांघरुणात गुंडाळलेले, मान टाकलेले सेकंदसाहेब आहेत, हातात पाण्याचा पेला. घरी येणारी माणसं फोटो निरखून बघतात आणि सेकंदसाहेबांचा हात हातात घेऊन, या वयात एवढी मोठी शर्यत पुरी केल्याबद्दल त्यांचं अभिनंदन करतात. सेकंदसाहेब बायकोकडे बघतात. ती काही बोलत नाही, म्हणून तेही मान लववून आभार मानतात.